बालाजीरावांचं चंदन

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बालाजीरावांच्या पाठी एक नव्हे, राक्षसांची अख्खी वरात असायची. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे, जिना उतरून खाली यायचे, आणि फाटकापाशी पोचेपर्यंत शंका आली की परत वर जायचे. गॅसचं बटण, गिझरचं बटण, पालीचा आवाज, कुकरची तिसरी शिट्टी, सगळ्याला भ्यायचे. लिफ्टमध्ये एकटे कधी चढले नाहीत. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी केली, तिथेही म्हणे पाकीट चिकटवून झाल्यावर पुन्हा फोडून बघायचे, आत पत्र आहे ना म्हणून.

मी ऊर्मी, मूळची सांगलीची. नवऱ्याच्या बदलीमुळे चेन्नईला अण्णा नगरात आले, त्याला अकरा वर्षं झाली. माझ्या जिभेला हाड नाही असं नवरा म्हणतो आणि ते खरं आहे. आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच, आमचं आणि बालाजीरावांचं. त्यांची मराठी तंजावरची. शेकडो वर्षांपूर्वी पूर्वज तिकडे गेले आणि तिथलेच झाले, पण भाषा मात्र जुन्या पैठणीसारखी घडी घालून जपली. पहिल्याच दिवशी दार वाजवून मला विचारलं, "अम्मा, मज एक सांगा, खालचा मोटर बंद झाला कां?" मला हसू आवरेना. पुढे अकरा वर्षं मी त्यांची टर उडवली, आणि त्यांनी ती उडवू दिली.

त्यांची बायको कनकाक्का म्हणजे दुसरं टोक. शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावरही स्कूटर काढून टी. नगरच्या गर्दीत घुसायची आणि साडीच्या दुकानदाराला रडकुंडीला आणून परत यायची. मूलबाळ नव्हतं, एकमेकांशिवाय कोणी नव्हतं. वर्षातून एकदा आम्ही चेन्नईजवळच्या कोवलमला समुद्रावर जायचो. कनकाक्का साडी खोचून गुडघाभर पाण्यात शिरायची. बालाजीराव होड्यांच्या अलीकडे कोरड्या वाळूत तिच्या चपला हातात धरून उभे राहायचे आणि दर लाटेला म्हणायचे, "पुरे, ये आतां." मी तिला म्हणायचे, अक्का, तुम्ही यांच्याशी संसार केलात तरी कसा. ती म्हणायची, "अगं, घरांत एक भिणारा असला कीं दुसऱ्याला भ्यावें लागत नाहीं."

मागच्या वर्षी एका सकाळी ती दारात कोलम, म्हणजे इकडची पिठीची रांगोळी, काढत होती. ठिपके बरोबर पडले, पण रेघ निघाली ती वळायचीच विसरली आणि सरळ उंबऱ्यापर्यंत गेली. उजव्या हातातली पिठी सांडली. तिने हाताकडे पाहिलं आणि तिथेच बसून राहिली. मी भाजी घेऊन वर येत होते, मला म्हणाली, "ऊर्मी, हा हात माझा ऐकत नाहीं." तोपर्यंत तिचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता.

मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण मुळाशी थोडी राहिली. तिथे सुरी लावली तर बोलणं जाईल, डॉक्टर म्हणाले. किरणं दिली. सहा महिन्यांनी ती उरलेली गाठ पुन्हा वाढायला लागली. तेव्हा एका मोठ्या इस्पितळातल्या डॉ. रम्या यांनी दोघांना बोलावलं. बालाजीरावांच्या अंगात एकट्याने अक्काला घेऊन जायचं त्राण नव्हतं, म्हणून मीही गेले.

रम्या म्हणजे पस्तिशीची मुलगी, शांत बोलणारी. तिने सांगितलं ते असं. या गाठीवर औषध आहे, पण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना आतून घट्ट अस्तर असतं. ते विष आत जाऊ देत नाही, तसंच औषधही जाऊ देत नाही. आता एक नवा मार्ग तपासून बघतायत. शिरेतून अगदी बारीक बुडबुडे रक्तात सोडायचे. मग डोक्याबाहेरून, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लाटा नेमक्या गाठीवर रोखायच्या. त्या जागी बुडबुडे थरथरतात आणि अस्तराच्या फटी काही तास सैल होतात. तेवढ्या वेळात औषध आत. महिन्याला एकदा, असं सहा वेळा. खात्री कशाचीच नाही. सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. पण काहीच केलं नाही तर चार-पाच महिने, हेही तिने लपवलं नाही.

बालाजीराव खुर्चीच्या कडेवर बसले होते. "आणि त्या फटी, त्या बंद कोण करतो?"

"आपोआप होतात. चोवीस तासांत."

"आपोआप?" उभ्या जन्मात कुलूप तीनदा ओढणारा माणूस तो. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "कोणी बघत नाहीं?"

"दुसऱ्या दिवशी आम्ही स्कॅन करून बघतो, सर."

"मधल्या वेळांत आंतलें बाहेर आलें तर?"

कनकाक्का डाव्या हाताने त्यांचा गुडघा थोपटत म्हणाली, "माझें गणित सांडेल. तुम्ही खालीं ओंजळ धरा." मी हसले. ते हसले नाहीत.

संमतीचा कागद चौदा पानांचा होता. तो त्यांनी घरी आणला आणि पाठ केला. जिन्यात भेटले की एक पान काढायचे. "ऊर्मीबाई, कलम नऊ ऐका." मी दूध उतू जातंय म्हणून पळायचे. कधी कधी खरंच जात असे.

एक गोष्ट त्यात होती, ती मात्र त्यांनी मला वाचून दाखवली नाही. डोक्यावर केसाचा अंशही चालणार नव्हता. केसांत हवा अडकते आणि लाटांना हवा ओलांडता येत नाही. म्हणजे कनकाक्काचं डोकं वस्तऱ्याने पूर्ण साफ करायचं होतं.

तंजावरला बालाजीरावांच्या लहानपणी घरात एक आत्या होती. सतराव्या वर्षी नवरा गेला आणि तिचं डोकं केलं, म्हणजे केशवपन, ते मरेपर्यंत दर पंधरवड्याला करत राहिले. पोरं परीक्षेला निघाली की तिला मागच्या खोलीत बसवायचे, समोर यायला नको म्हणून. बालाजीराव तिला फार भ्यायचे आणि तिच्याच हातचे लाडू खायचे. हे सगळं मला कनकाक्काने सांगितलं. "यांच्या डोळ्यांत डोकें केलेली बाई म्हणजे एकच," ती म्हणाली. "मी म्हटलें, तुम्ही जिवंत आहांत ना, मग मज कसलें भय. त्यांस भय स्वतःच्या मरणाचें नाहीं गं. ते गेले तर मज कोण बघेल, याचें."

पहिल्या वेळेच्या आदल्या दिवशी दुपारी इस्पितळात न्हावी आला. बालाजीराव खोलीबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी आत होते. पांढरे-काळे लांब केस खाली पडत गेले आणि अक्काचा चेहरा एकदम लहान, कोवळा दिसायला लागला. तिने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरें आहे, तेल वाचलें." 

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी कॉफीचा थर्मास घेऊन गेले. सिस्टरने नुकतंच अक्काचं डोकं औषधी पाण्याने धुऊन पुसलं होतं आणि कागदावर तशी खूण केली होती. दागिने आदल्या रात्रीच काढले होते. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर अक्काने इथल्या रीतीप्रमाणे पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं होतं. तो दोरा चालतो का हे बालाजीरावांनी सिस्टरला तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी सिस्टर करवादली, "सर, आता मला काम करू द्या," आणि निघून गेली.

मग ते माझ्याकडे वळले. धोतराच्या कनवटीतून त्यांनी चांदीची छोटी डबी काढली. आत उगाळलेलं चंदन होतं. पहाटे घरी स्नान करून स्वतः उगाळून आणलं होतं.

इकडे तिरुपतीला केस देऊन आलेल्या माणसांनी बस भरलेल्या असतात. पुरुष, बाया, पोरं, सगळ्यांची डोकी गुळगुळीत आणि वर पिवळं चंदन थापलेलं. नवस फेडून आलेलं डोकं ते. कोणी त्याला अशुभ म्हणत नाही. मला लगेच कळलं त्यांच्या मनात काय आहे. चंदन लागलं की ते डोकं आत्याचं राहणार नव्हतं, देवाला दिलेलं होणार होतं.

"ऊर्मीबाई, लावूं कां?"

अकरा वर्षांत त्यांनी मला हजार प्रश्न विचारले असतील. मी रात्रभर नीट झोपले नव्हते आणि त्याचा राग मी त्यांच्यावर काढला. "लावा हो. चंदनानं कोणी मेलंय का आजवर? एक गोष्ट तरी न विचारता करा."

त्यांनी लावलं. थरथरत्या बोटांनी, कपाळाच्या वरपासून मानेपर्यंत, पातळ, सगळीकडे. अक्का डोळे मिटून पडली होती. लावून झाल्यावर त्यांचे खांदे खाली आले. सिस्टर पुन्हा रागवेल म्हणून उपरण्याच्या टोकाने वरवर टिपून घेतलं. चंदन वाळलं आणि कातडीच्या रंगात मिसळून गेलं. तेवढ्यात चाकाची खुर्ची आली, डोक्यावर कापडी टोपी चढवली आणि अक्काला नेलं. वळणावर तिने डावा हात हलवला.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. समोर जाड दार, जमिनीवर लाल रेघ, रेघेपलीकडे जायला बंदी. आत डोक्याला चौकट बसवतात, मग पाण्याची पिशवी आणि यंत्राचं टोपरं, सगळं माणूस जागा असताना. बालाजीरावांचे ओठ स्तोत्र पुटपुटत होते. मला बसवेना. त्यांच्या मांडीवरचे ते चौदा कागद मी उचलले, निदान काहीतरी वाचावं म्हणून. कलम अकरा. डोक्याच्या त्वचेवर तेल, क्रीम, पावडर, लेप यांपैकी काहीही नसावं. थर राहिल्यास हवेचे कण अडकतात, लाटा विखुरतात, त्वचा भाजू शकते.

मी ते दोनदा वाचलं. मग कागद त्यांच्यापुढे धरला.

"बालाजीराव, हे तुम्ही वाचलं होतंत?"

"पाठ आहे मज. तेल नाहीं, क्रीम नाहीं, पावडर नाहीं." ते सहज म्हणत गेले आणि 'लेप' या शब्दापाशी थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस मूर्ख नव्हता. चंदन म्हणजे देवाचं. तेल, क्रीम, पावडर ही दुकानातली. एका रांगेत ती त्यांच्या डोक्यात कधी बसलीच नव्हती. माझ्याही नाही.

"मी जाऊन सांगतों," ते म्हणाले.

आणि मी, जिच्या जिभेला हाड नाही ती मी, त्यांची बाही धरली. "थांबा. आत पुसलं असेल त्यांनी. आता मध्येच जाऊन काय... त्यांनी थांबवलं, आजचा दिवस गेला, तर?" मी बोलत होते ते सगळं खोटं होतं. मला भीती वाटत होती की रम्या विचारेल, कोणी सांगितलं लावायला. मला अक्काच्या डोक्याची काळजी नव्हती असं नाही, पण त्या क्षणी मला माझ्या तोंडाची जास्त होती. हे लिहितानाही मला लाज वाटते.

त्यांनी बाही सोडवून घेतली. लिफ्टला भिणारा, समुद्राला भिणारा तो माणूस लाल रेघ ओलांडून गेला. पहारेकरी ओरडत मागे धावला. बालाजीरावांनी दोन्ही हातांनी दार बडवलं, थांबलेच नाहीत. रम्या बाहेर आली तेव्हाही त्यांचे हात वर होते.

"मी चंदन लावलों," ते आधी मराठीतच म्हणाले, मग तमिळमध्ये. "डोक्यास. सगळीकडे. थांबवा."

"केव्हा?"

"साडेसहाला. धुतल्यानंतर."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी चार पावलांवर उभी होते. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि लाल रेघेपाशीच थांबले.

"कोणी नाहीं," बालाजीराव म्हणाले. "मीच."

दार बंद झालं. पुढची पन्नास मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. आतून काही ऐकू येत नव्हतं, दारावरचा दिवा लाल होता. बालाजीराव आता पुटपुटत नव्हते. ताठ बसले होते आणि शर्ट पाठीला चिकटला होता. मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत. ते दाराकडेच बघत म्हणाले, "तुम्ही मज धीर यावा म्हणून बोललां. मज धीरच पाहिजे होता, म्हणून विचारलों. सिस्टरला विचारलों असतों तर ती नको म्हणाली असती." मला रडू फुटलं. त्यांनी मला थर्मासच्या झाकणात थंड कॉफी ओतून दिली.

रम्या बाहेर आली तेव्हा तिचे डोळे दमलेले होते. पिशवीत पाणी भरायला घेतलं होतं, म्हणाली, तेवढ्यात तुम्ही दार वाजवलंत. चौकट बसवताना त्यांनी चार स्क्रूंपुरतीच जागा पुसली होती. शेवटी एकदा सगळं डोकं पुसून घ्यायची पद्धत आहे, पण मागच्या बाजूचा वाळलेला थर त्यात निघाला नसता. तो त्यांना दोन वेळा घासून काढावा लागला. "तसंच चालू केलं असतं तर काय झालं असतं ते मला नक्की सांगता येणार नाही," ती म्हणाली. "कातडी भाजली असती. किंवा लाटा आत पोचल्याच नसत्या, आणि औषध बाहेरच्या बाहेर राहिलं असतं. आता सुरू करतोय." मग आत वळता वळता ती म्हणाली, "पुन्हा कधीही दार वाजवा. पण विचारून लावा."

दुपारी तिने आम्हाला संगणकाचा पडदा दाखवला. करड्या मेंदूत, गाठीच्या जागी, बारीक पांढरे ठिपके उमटले होते. तिथे अस्तर सैल झालं होतं आणि औषध आत जात होतं. बालाजीरावांनी चष्मा पुसून ते मोजले आणि विचारलं, "बंद केव्हां?" उद्या, ती म्हणाली. ती रात्र त्यांनी कशी काढली ते विचारायची हिंमत मला झाली नाही. सकाळी स्कॅनवर ठिपके नव्हते. ते म्हणाले, "एकदां परत बघा." रम्याने परत दाखवलं. मी एरवी चार शब्द ऐकवले असते, त्या दिवशी गप्प बसले.

आठवड्याने मी अक्काला सगळं कबूल केलं. ती खाटेवर टेकून बसली होती, डोक्यावर बारीक खुंट आले होते. म्हणाली, "मज ठावें आहे. मी जागीच होतें. तूं लावा म्हणालीस तें ऐकलें."

"मग तुम्ही का नाही अडवलंत?"

"त्यांचा हात थरथरत होता गं. लावतां लावतां थरथर थांबली." तिने खिडकीकडे पाहिलं. "मज वाटलें, एवढें तरी होऊं दे. मीही चुकलें."

आता चार वेळा झाल्या आहेत. दर वेळी नवा वस्तरा, नवी चौकट. गाठ वाढलेली नाही, इतकंच रम्या सांगते. कमी झाली असं ती म्हणत नाही, आणि आम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहतो. उजव्या हातात अजून बळ नाही. मध्येच अक्काला शब्द सापडत नाही, तेव्हा ती बोटांवर आकडे मोजत थांबते आणि बालाजीराव श्वास धरून बसतात. चांदीची डबी ते अजूनही नेतात. पण ती उघडते दुसऱ्या दिवशी, सिस्टरने दोनदा हो म्हटल्यावर. मग ते सावकाश चंदन लावतात, चौकटीच्या चार खुणांवरून बोट अलगद नेत.

घरून निघताना कुलूप ते तीनदा ओढतात. मीही पायरीवर थांबते. चौथ्यांदा मी ओढून बघते.

परवा, चौथ्या वेळेनंतरच्या सकाळी, रम्याने नेहमीप्रमाणे पडदा आमच्याकडे वळवला. करडा मेंदू, एकही ठिपका नाही. "मिटलंय सगळं," ती म्हणाली आणि पडदा बंद करायला हात पुढे केला. बालाजीरावांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी मीच बोलले.

"डॉक्टर," मी म्हणाले, "एकदा परत बघा."